ताईंचे शनिवार

माझ्या थोरल्या नणंदबाईंनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाला ‘कसे आहात’ असं उगाच म्हणून विचारलेलं नाही. तुम्ही-आम्ही विचारतो ते समोरचा ‘बरं आहे’ म्हणेल आणि आपण आपल्या वाटेला लागू, या बेतानं. ताई विचारतात, हातातली पिशवी खाली ठेवतात आणि उत्तराची वाट पाहत उभ्या राहतात. कुणी ‘बरं आहे’ म्हणालंच, तर ‘ते झालं, पण पोट?’ असा पुढचा प्रश्न तयार असतो, आणि तिथून पुढे त्या माणसाची सुटका नाही. एकदा चंद्रपूरच्या बसस्टँडवरून आमच्या घरापर्यंत, म्हणजे जेमतेम पंधरा मिनिटांच्या वाटेत, त्यांनी ऑटोवाल्याची ॲसिडिटी, त्याच्या जेवणाच्या वेळा आणि त्यानं सासऱ्याशी धरलेला अबोला, एवढं सगळं बाहेर काढलं. पुढच्या आठवड्यात तो गडी आपणहून आमच्या फाटकाशी थांबला. त्या पोंभुर्ण्याच्या बाई कधी येणार, सासऱ्याला फोन केला एवढं त्यांना सांगायचं आहे, म्हणाला. मी म्हटलं, शनिवारी ये.

कारण ताई शनिवारी यायच्या. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी चंद्रपुरात एका संस्थेच्या प्रशिक्षणात नाव घातलं होतं. समग्र आरोग्य शिक्षक व्हायचं प्रशिक्षण. दहा महिने, दर शनिवारी वर्ग. ‘समग्र’ म्हणजे काय, असं मी पहिल्या दिवशी विचारलं आणि चूक केली. समग्र म्हणजे नुसती नाडी आणि गोळी नव्हे. माणूस काय खातो, किती झोपतो, कुणाशी भांडतो, कोणत्या कामानं त्याची कंबर मोडते आणि कोणत्या गोष्टीनं त्याला हसू येतं, हे सगळं मिळून त्याचं आरोग्य. हे समजावून घेईस्तोवर माझा कुकर चार शिट्ट्या जास्त देऊन गप्प झाला आणि भाताची पेज झाली. ताईंनी ती पेज पचायला कशी हलकी, हेही सांगितलं.

आता यातली खरी गोष्ट सांगते. ताई दहावीला दोनदा नापास झाल्या आणि तिसऱ्यांदा बसायच्या आधी त्यांचं लग्न झालं. पाठचे तिन्ही भाऊ शिकले. त्यातला मधला, म्हणजे आमचे हे, हेडमास्तर झाले. घरात भिंतीवर तीन भावांच्या पदव्यांच्या चौकटी, आणि ताईंचं नाव काय ते रेशनकार्डावर आणि मतदार यादीत. नवरा गेल्यावर पोंभुर्ण्यात शिवणाचं मशीन घेऊन त्यांनी मुलीला शिकवलं, सासरी पाठवलं. मग एकटं घर. प्रशिक्षणाचा कागद त्यांना हवा होता तो नोकरीसाठी नव्हे. ‘माह्या नावाचा एक कागद पाहिजे वं,’ असं त्या मला एकदा भाजी निवडताना बोलल्या, आणि लगेच विषय बदलून माझ्या टाचांच्या भेगांवर आल्या. पण मला ते लागलं. तेव्हापासून त्या कागदाची मला त्यांच्याहून जास्त घाई झाली.

घाई झाली म्हणून सोसणं सोपं झालं असं मात्र नाही हं. शिकलेलं आधी घरात करून पाहायचं, असा त्यांच्या सरांचा दंडक, आणि ताईंचं घर रिकामं. म्हणजे प्रयोगाला मी आणि हे. घास बत्तीस वेळा चावायचा हे कळल्यापासून त्या आमच्यासमोर बसून ओठातल्या ओठात मोजायच्या. सव्विसाव्याला गिळलं की ‘सहा राहिले’ म्हणायच्या. शाळाभर दरारा असलेला हा माणूस वांग्याच्या भाजीचा घास गालात धरून बहिणीकडे चोरासारखा बघायचा. मग एक वही आली. तिच्यात घरातल्या प्रत्येकाचं एक पान आणि पानावर रकाने : अन्न, पाणी, झोप, चालणं, काम, माणसं, मन. यांच्या ‘मन’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘संध्याकाळी बातम्या पाहते वेळी बिघडते.’ माझ्या पानावर त्याच रकान्यात, ‘दुपारी उठवल्यास वाईट. अन्यथा चांगले, पण दाखवत नाही.’ मी तणतणले. म्हटलं, ताई, हे खोडा. त्या म्हणाल्या, रागसुद्धा लिहून ठेवते, थांब.

पुढे बोलण्याचा सराव सुरू झाला. मागच्या पडवीत वाळत घातलेली लुगडी आणि मी, एवढा आमचा श्रोतृवर्ग. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहावं असं सरांनी सांगितलेलं. ताईंनी ते दूधवाल्यावर करून पाहिलं. सकाळी फाटकात त्याच्या डोळ्यांत डोळे घालून त्या काही न बोलता उभ्या राहिल्या, आणि त्या बिचाऱ्यानं, बाई, फक्त उन्हाळ्यातच घालतो पाणी, असं कबूल करून टाकलं. ताईंना वाईट वाटलं. त्याला बसवून त्याच्या म्हशींच्या चाऱ्याची चौकशी केली, चहा दिला. माझ्या दुधाचा.

सरांची एक शिकवण वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात होती : आधी विचारा, मग सांगा. बाकीचे शिकाऊ त्यावर अडखळायचे म्हणे, कारण शिकलेल्या माणसाला सांगायची फार घाई असते. ताई तर जन्माच्या विचारणाऱ्या. सर सगळ्या वर्गाला म्हणाले होते, या बाईंकडे बघा. ते मला सांगताना ताईंचे कान लाल झाले होते.

आणि शेवटची परीक्षा आली. वैशाखाच्या तोंडावर, चंद्रपूरचं ऊन ऐन भरात असताना. सर देतील त्या अनोळखी गावात जाऊन तासभर गावकऱ्यांशी सत्र घ्यायचं, ते जमलं की कागद. ताईंना विषय मिळाला ‘उन्हाळ्यातला आहार’ आणि गाव मिळालं वैनगंगेच्या पलीकडे, चामोर्शीपासून आत जंगलात. ताईंनी आठ दिवस भाषण लिहिलं. शिवलेल्या ब्लाउजसारखं उसवून पुन्हा लिहिलं. त्यात ‘निर्जलीकरण’ असा शब्द होता, ‘उपलब्ध स्थानिक फळे’ असे शब्द होते. त्यांच्या तोंडी ते ऐकून मला कसंसंच झालं, पण म्हटलं, परीक्षा आहे, असेल तसंच. आदल्या दिवशी आमच्या मागच्या झाडाच्या कैऱ्या उकडून, गूळ-वेलची घालून मोठ्या डब्यात पन्हं केलं. डबा सांभाळायला मी. मूल गावावरून चामोर्शी, तिथून संस्थेची जीप, आणि वाटभर डब्याचं झाकण माझ्या मांडीत.

गावाच्या मधोमध चिंचेखाली बाया-माणसं जमली होती. माणसं गोंड, आपसांत गोंडी बोलणारी, आमच्याशी मराठी. सर मागे खुर्चीवर कागद घेऊन बसले. ताई उभ्या राहिल्या आणि मी बघते तर काय, ज्या बाईनं जन्मात कुणाला न विचारता ओलांडलं नाही, तिनं एकालाही काही विचारलं नाही. थेट ‘उपस्थित बंधू-भगिनींनो’. पाठ केलेलं घडघड म्हणत सुटल्या. आठ मिनिटांत निर्जलीकरण संपवलं आणि म्हणाल्या, आता आपण स्थानिक फळाचं पेय घेऊ.

मी पेले भरून दिले. प्रत्येकानं दोन्ही हातांनी पेला घेतला, हसून मान लववली आणि जमिनीवर ठेवला. कुणी पिईना. एका पोरीनं ओठाला लावला तर तिच्या आईनं हळूच काढून घेतला. ताईंना वाटलं आंबट झालं. त्यांनी डब्यात आणखी गूळ ढवळला आणि पुन्हा विनवलं. पुन्हा तेच हसू, पुन्हा पेले जमिनीवर. सरांचं पेन चालू होतं. माझा पारा चढला. एवढ्या उन्हात नदी ओलांडून आणलेलं पन्हं, आणि यांना चव घ्यायला काय होतं? बघा, असं प्यायचं, म्हणून मी माझा पेला सगळ्यांसमोर घटाघट रिकामा केला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं ते इतक्या काळजीनं, की मला वाटलं मला काही झालंय की काय.

तेवढ्यात ताईंनी वही मिटली. त्या पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंजवळ जाऊन मातीत बसल्या आणि आठ दिवसांत प्रथमच आपल्या भाषेत बोलल्या. ‘बाई, माहं काई चुकलं का? काऊन कोनी पीत नाई?’

म्हातारीनं पेला हलकेच ताईंकडे सरकवला. मग म्हणाली, ‘आमचा पंडुम व्हाचा आहे अजून. नवा आंबा आंधी देवाले, मंग आमाले. तुमी पाहुन्या, म्हून बोललो नाई.’

नव्या फळाचा हा सण व्हायच्या आधी ते फळ या गावात कुणी तोंडात घालत नाही. एवढं साधं. एक प्रश्न विचारला असता तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं, आणि मी तर देवाच्या आधी पेलाभर ढोसून बसले होते. ताईंनी आधी म्हातारीची माफी मागितली, मग सगळे पेले स्वतः गोळा केले. आणि पुन्हा येऊन मातीत बसून विचारायला लागल्या. सण कधी, कोण ठरवतं, तोवर उन्हात काय पिता? कुणीतरी भोपळ्याच्या तुंब्यातली गार आंबील आणली. ती आम्हीच प्यायलो, सरांनीसुद्धा. बाया बोलायला लागल्या. सात महिन्यांची एक पोटुशी पोर बोलता बोलता म्हणाली, चक्कर येते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं दिलेल्या लोहाच्या गोळ्या घरात डब्यात तशाच पडल्या होत्या. घेतल्या की मळमळतं म्हणून. सिस्टरला का नाही सांगितलं? तर म्हणे, तिनं गोळ्या दिल्या, विचारलं काही नाही. ताई म्हणाल्या, पुढच्या खेपेला आपण दोघी मिळून सिस्टरला विचारू. पुढची खेप कुठली? परीक्षा तर तिथंच संपत होती. पण बोलून गेल्या.

नियम असा होता, की सत्र झाल्यावर आधी उमेदवारानं स्वतःचं मूल्यमापन लिहायचं आणि सरांनी खाली सही करायची. जीपच्या टपाला कागद टेकवून ताईंनी एक ओळ लिहिली : ‘नापास. विचारायच्या आधी सांगितले.’ सर चांगला माणूस. ते म्हणाले, ताई, हे खोडा. दहा महिने जे शिकवलं ते शेवटी तुम्ही करून दाखवलंत, मी पास लिहितो. मी मागून ताईंचा पदर ओढला.

ताई म्हणाल्या, ‘दहावीत दोनदा नापास झाली, तवा कुठी चुकली ते कोनी सांगितलं नाई. या खेपेस मले माहीत आहे, सर. ते खोडून कसं चालन?’

सरांनी सही केली. पुन्हा परीक्षा द्यायची तर पुढच्या तुकडीबरोबर सगळे वर्ग पुन्हा, दर शनिवारी. मी घरी आल्यावर यांना सांगून टाकलं, आणखी दहा महिने बत्तीस-बत्तीस वेळा चावायची तयारी ठेवा. मनातून खूश होते, खोटं कशाला बोलू? पण ताईंच्या मनात वेगळंच होतं. शिवणातून मोकळा असा त्यांना एकच वार, आणि तो त्या पोरीला देऊन बसल्या होत्या. पंडुम झाल्याचा निरोप आला तशा त्या गावाला गेल्या, पुढच्या शनिवारी सिस्टरकडे, त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी दोघींना घेऊन. पोरीला मुलगी झाली. मला वाटलं, आता तरी सुटल्या. तर म्हणे, आता बाळंतिणीच्या जेवणाचं विचारायचं आहे. नव्या तुकडीत नाव घालायची मुदत गेली.

मी फोनवर कडाकडा भांडले. म्हटलं, सही करत होता तो माणूस, तुम्हीच हात मागे घेतलात. आयुष्यात एक कागद मागितला होता, तोही गेला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘तुले इतका राग काऊन येऊन राह्यला? कागद तर माहा होता.’

त्यांनी विचारलं आणि त्यांच्या सवयीनं उत्तराची वाट बघत राहिल्या. पाण्याची मोटार चालू राहिली आहे, असं काहीतरी बोलून मी फोन ठेवला. आता इथं सांगते, तिथं जमलं नाही ते. शनिवारी पोंभुर्ण्याहून चामोर्शीला जायला आमचं चंद्रपूर वाटेत लागत नाही.