पाठीची पायरी

कोळशाच्या गाडीनं पूर्णेहून परभणीला शाळेत शिकवायला जायचे ते दिवस आठवले, की जीव हळवा होतो. डोळ्यांत कोळशाचे कण जायचे. खिडकी लावा म्हटलं, की समोरचा म्हणायचा, "हवा येऊ द्या की, बाई." फार गोड दिवस होते, भांडणांसकट.

एका सकाळी इंजिनाची ठिणगी खिडकीतून आत आली आणि कुणीतरी लेकीच्या गादीसाठी नेत असलेल्या कापसाच्या गाठोड्यावर पडली. बघता बघता डबा धुरानं भरला. साखळी ओढली, गाडी रानात थांबली. पुरुषांनी धडाधड उड्या मारल्या आणि आधी काय उतरवलं, तर बोचकी. मी कडाडले, "सामान राहू द्या, माणसं उतरवा." मग कुठं लेकरं हातोहात खाली गेली.

दाराशी दिवस भरत आलेली एक सून अडली. शेवटची पायरी आणि खालची खडी यांत बरंच अंतर, उडी मारणं तिला शक्यच नव्हतं. खाली सासरे उभे. सासऱ्यानं सुनेला हात लावायचा नाही ही रीत, आणि परक्यानं पुढं व्हावं तर ती अंग चोरायची. म्हातारे पटकन खडीवर ओणवे झाले.

"पाठीवर पाय ठिव, माय."

"मामांवर पाय कसा ठिऊ?" ती रडायला लागली. रोज ज्यांच्या पाया पडायचं, त्यांनाच तुडवायचं? धुरानं खोकत होती, पण जागची हलेना.

माझं डोकं फिरलं. तिला बाजूला सारून मीच आधी त्यांच्या पाठीवर पाय ठेवला, खाली उतरले आणि हात वर केला. "झालं का काही? ये आता."

ती आली. डोळे मिटून, माझा हात घट्ट धरून, पाऊल टेकवलं न टेकवलं असं करत. खाली पोचताच सासऱ्यांच्या पायांशी वाकायला लागली.

"वाकू नको, पोट संभाळ," ते अजून ओणवेच होते. "मागच्या बायांना म्हण, या."

एकेक करत साऱ्या बाया उतरल्या, तेव्हाच ते गुडघ्यावर हात टेकत उठले. सून बाजूला उभी राहून नुसती त्यांच्याकडे बघत होती. मी काही कुणाच्या पाया सहज पडणारी नव्हे. त्या दिवशी पडले, तिच्या वतीनं.