नाक्याला वळसा

सालहीनला भीती म्हणजे काय ते ठाऊक नाही, असं आमच्या गावात सगळे म्हणत. तो स्वतःही म्हणायचा, जरा जास्तच वेळा म्हणायचा. अलमैनच्या पश्चिमेला, समुद्र आणि वाळवंट यांच्या मधल्या पट्टीत आमची गावं आहेत. इथे माणसाला नाव मिळवायचं तर मेंढ्या तरी हव्यात नाहीतर छाती तरी. सालहीनकडे मेंढ्या कधीच धड नव्हत्या. एक जुनी पिकअप होती. तीतून तो लोकांच्या मेंढ्या, जवाची पोती, ऑलिव्हच्या पेट्या, लग्नाचे तंबू इकडचे तिकडे करायचा. पंचावन्नाव्या वर्षापर्यंत त्याचं बरं चाललं होतं.

मग किनाऱ्याच्या रस्त्यावर टोलनाका आला. बसवला तोही नेमका गाव आणि बाजार यांच्या मध्ये. आमचं कब्रस्तानही नाक्यापलीकडेच. माझ्या चुलत्याला पुरायला नेलं, तेव्हा त्याच्या गाडीचीही पावती फाडली. ती पावती ठेवायची कुठे हे कुणाला सुचेना. शेवटी धाकट्या मुलाने ती मयतावर घातलेल्या घोंगडीत खोचली. त्या दिवसापासून नाक्याचं नाव काढलं की आमच्याकडे चांगली माणसं शिव्या देतात, आणि मी त्यांना अडवत नाही.

सालहीनची तर तळपायाची आग मस्तकात जायची. मेंढ्या भरलेली पिकअप म्हणजे मालवाहू, असं नाक्यावाल्यांनी ठरवलेलं. मालवाहूचा दर वेगळा आणि दर ईदनंतर वाढलेला.

"माझा बाप ह्याच वाटेने गाढवावरून जायचा," तो खिडकीतल्या कारकुनावर ओरडला होता. "गाढवाचाही दर लावा की!"

"वरून कागद आला की लावू, काका," कारकून म्हणाला. बिचारा थट्टा करत नव्हता.

त्याच आठवड्यात सालहीनने नाक्याला वळसा शोधला.

नाक्याच्या दक्षिणेला तारेचं कुंपण घातलेला मोठा पडीक तुकडा आहे. महायुद्धात जर्मन आणि इंग्रज इथे लढले आणि जाताना जमिनीत पेरलेले सुरुंग आमच्या नावावर ठेवून गेले. पाय गेलेला, हात गेलेला एक तरी माणूस आमच्या प्रत्येक घराण्यात सापडेल. ह्या बाजूने कोण मरायला जाणार, असा नाक्यावाल्यांचा हिशेब असावा. पण तारेच्या बाहेरून, अगदी कडेकडेने, धनगरांची एक जुनी वाट होती. सालहीन तिच्यावरून आधी पायी गेला, मग गाडी घेऊन गेला. मग त्याने जुने टायर अर्धे कापले, चुन्याने रंगवले आणि वाटेच्या दोन्ही अंगांना पुरले. महिन्याभरात वीसएक गाड्या त्या टायरांच्या मधून डोळे मिटून जाऊ लागल्या. चहाच्या टपरीवर पहिला पेला सालहीनला मिळू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्याला विचारून काहीतरी करत होते, आणि ते त्याच्या चालण्यातही दिसायला लागलं.

नोव्हेंबरात दोन रात्री जोराचा पाऊस झाला. वाळवंटात पाणी मुरत नाही, धावतं. तिसऱ्या दिवशी सालहीन वाट बघायला पायी गेला. तीन टायर उपटून ओहोळाच्या चिखलात आडवे पडले होते. आमच्यात खूण पडलेली दिसली की तिला ओलांडून जात नाहीत. दगडांची रास असो की टायर, जो पहिला बघेल त्याने अल्लाचं नाव घेऊन ती उभी करायची. तहानलेल्याला पाणी नाकारणं आणि पडलेली खूण पडू देणं, दोन्ही सारखंच वाईट. सालहीनने नाव घेतलं, तिन्ही टायर जिथल्या तिथे उभे केले, बुडाशी दगड लावले आणि शीळ घालत परत आला. आधी टपरीवर सगळ्यांना, मग घरी बायकोला म्हणाला, "वाट पुन्हा चालू."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. हज्जा मब्रूका सकाळीच दारात उभी. सत्तरीची बाई, कमरेला तांबडा लोकरी पट्टा, सोबत सहा मेंढ्या. नातीच्या लग्नासाठी त्या विकायच्या होत्या.

"नाक्यावरून नेणार असशील तर मी चालत जाते," ती गाडीत बसता बसता म्हणाली. "त्या मेल्यांना मी एक गिनी देणार नाही."

"हज्जा, माझ्या गाडीत बसून नाक्याचं नाव काढायचं नाही. तुम्ही फक्त बसा."

"बसते. पण हळू चालव. मेंढ्यांनी लेंड्या टाकल्या तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं."

पिकअप रस्ता सोडून वाटेला लागली. आजची ती पहिलीच गाडी होती. माती ओली, चाकं छान उमटत होती. पांढरे टायर एकामागून एक मागे पडत होते आणि सालहीन नाक्यावाल्यांच्या आयाबहिणींची आठवण काढत होता. हज्जा हसत होती.

"सालहीन," ती मध्येच म्हणाली, "ती पाण्याची टाकी माझ्या बाजूला कशी आली रे?"

लढाईच्या काळातली काँक्रीटची ती फुटकी टाकी तारेच्या आत, अगदी कडेला आहे. ह्या वाटेने जाताना ती नेहमी डाव्या हाताला, चालवणाऱ्याच्या बाजूला दिसायची. आज ती उजवीकडे होती.

सालहीनने ब्रेक दाबला. मेंढ्या एकमेकींवर आदळल्या.

त्याला सगळं एकदमच कळलं. टायर पडले नव्हते, ते वाहून आले होते. ओहोळाने त्यांना शंभरेक पावलं ओढत आत आणून टाकलं होतं आणि त्याने ते मोठ्या भक्तिभावाने तिथेच उभे केले होते. कुंपणाची तार कुठे दिसत नव्हती, कारण ती चिखलाखाली गेली होती. काल तो ह्याच मातीवरून शीळ घालत चालला होता.

"खाली उतरू नका," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"मी कशाला उतरते? ते बघ पुढे."

गाडीच्या नाकासमोर, दोन पुरुष आडवे झोपतील एवढ्या अंतरावर, चिखलातून एक गंजलेली गोल कड वर आली होती. पालथ्या परातीसारखी. पाण्याने एक उघडी केली होती. झाकलेल्या किती, ते देवालाच माहीत.

हज्जाने गळ्यातला ताईत मुठीत धरला. ती रडली नाही, ओरडली नाही. लहानपणी ह्याच माळावर मेंढ्या चारताना तिने भाऊ गमावला होता. असल्या जागी आरडाओरडा करायचा नसतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"आलो तसं मागे जायचं," ती म्हणाली. "आपल्याच चाकांच्या खुणेवरून. तुझ्याकडचं चाक तू बघ, माझ्याकडचं मी बघते."

सालहीनने गाडी मागच्या गिअरमध्ये टाकायचा प्रयत्न केला. दोनदा दांडा निसटला. इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं. त्या हिसक्याने मागे काहीतरी धडपडलं आणि एक मेंढी फळीवरून उडी मारून खाली आली.

मेंढी चाकाजवळ उभी राहिली, अंग झटकलं, इकडे तिकडे बघितलं. मग टाकीच्या दिशेने चालू लागली. एक पाऊल. आणखी एक. पावसाने फुटलेल्या कोवळ्या पात्याजवळ थांबायची, हुंगायची, पुढे जायची. तिचा मातीत पडणारा प्रत्येक खूर सालहीन मोजत होता. मेंढी त्या गंजलेल्या कडेला वळसा घालून गेली. आणि सालहीनला आपल्या मांड्यांना ऊब लागल्यासारखी वाटली. काय झालं ते त्याला क्षणभराने कळलं. हज्जालाही कळलं असणार, गाडीत दोघांपुरती जागा ती केवढीशी. पण ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"ती जाऊ दे," ती म्हणाली. "ती माझी नव्हतीच असं समज. चल."

गाडी मागे सरकू लागली. सालहीन डावीकडून डोकं बाहेर काढून आपल्याच चाकाच्या खुणेवर डोळे रोवून बसला, हज्जा उजवीकडून.

"माझं चाक खुणेबाहेर येतंय. तुझ्याकडे घे. जरासं. बस."

"आता?"

"सरळ. बोलू नकोस. सरळ."

दोनशे पावलांचं अंतर असेल. मी नंतर पायांनी मोजलं, रस्त्याच्या बाजूने, लांबून. त्याला पाऊण तास लागला. दोनदा माती ढासळली आणि मागचं चाक खुणेबाहेर घसरलं. दोन्ही वेळा सालहीनने डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही वेळा हज्जाने त्याच्या दंडाला चिमटा काढला. "डोळे उघड रे मुडद्या! मी काय आंधळ्याच्या गाडीत बसले?"

शेवटी डांबरी रस्ता मागे दिसू लागला आणि वाटेच्या तोंडाशी, पक्क्या जमिनीवर गाडी थांबली. सालहीनने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. आपण जिवंत आहोत, एवढं एकच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात हॉर्न वाजला. अतीवाची पिकअप रस्ता सोडून वाटेकडे वळत होती. अतीवा त्याच्याच घराण्यातला, तिशीचा, तोंडाने तिखट. मागे उभ्या बारा बाया, ऑलिव्ह तोडायला निघालेल्या, हातात बादल्या.

सालहीनने गाडी पुढे-मागे करून वाटेत आडवी लावली.

"काय हो भाऊ, वाटेत बसून नाश्ता चाललाय का?" अतीवाने डोकं बाहेर काढलं. "सरका, उशीर होतोय."

"वाट बंद आहे. नाक्यावरून जा."

"नाक्यावरून?" अतीवा मोठ्याने हसला, मागच्या बायाही हसल्या. "तुम्ही सांगताय? किती दिले हो नाक्यावाल्यांनी? आम्हालाही वाटा द्या!"

"टायर हललेत. आत सुरुंग आहेत."

"काल तुम्हीच टपरीवर सांगत होतात ना, वाट चालू म्हणून? अख्ख्या गावाने ऐकलं."

सालहीनचा हात दाराच्या कडीवर गेला. खाली उतरून सांगायचं तर कपडे दिसणार. गाडीत बसून सांगितलं तर कोण ऐकणार? गावात आपल्याला कशासाठी ओळखतात हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तेवढ्यासाठीच तर टपरीवरचा पहिला पेला मिळत होता. त्याने हज्जाकडे बघितलं. हज्जाने आपली लोकरी शाल काढून त्याच्या मांडीवर ठेवली. "गुंडाळ आणि जा," ती पुटपुटली.

अतीवा आता वैतागला होता. त्याने गाडी बाजूने घातली. सालहीनच्या गाडीच्या मागून, खडकाळ कडेवरून तो आत शिरू बघत होता. बाया एकमेकींना धरून ओरडत होत्या, हसत होत्या. आणखी दहा पावलं आणि तो पहिल्या टायराशी पोचणार होता. तिथून पुढे सगळे टायर अगदी ओळीत, पांढरे, बोलावत उभे होते.

सालहीन शाल न घेताच उतरला.

धावत अतीवाच्या गाडीपुढे गेला आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकले. अतीवाने करकचून ब्रेक मारला.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"ते टायर मी उभे केले. काल. चुकीच्या जागी. मीच," सालहीन म्हणाला. बोबडी वळलेली, शब्द एकात एक अडकत होते.

"असं?" अतीवाने दार उघडलं. "मग माझ्यापुढे चाला. फक्त पहिल्या टायरापर्यंत. तिथवर तर पक्की जमीन आहे ना? तुम्ही चाला, मी मागे येतो. आहे कबूल?"

पहिल्या टायरापर्यंत खरोखरच धोका नव्हता. सालहीनला हे अतीवाइतकंच ठाऊक होतं. तो पाय उचलायला गेलाही. उचलला गेला नाही. तो चाकासमोर मातीत बसला. पुन्हा उठायला गेला, पुन्हा बसला. पुढचा सगळा अंगरखा ओला, लोंबणारा, त्यावर माती चिकटलेली. हे सगळं बारा बायांनी बघितलं.

कुणीतरी फिसकन हसलं. मग तेही थांबलं.

अतीवा गाडीतून उतरून त्याच्यापाशी वाकला. त्याच्या तोंडात काहीतरी तिखट आलं होतं, ते त्याने गिळलं. ह्या माणसाला त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. सापाला शेपटीने उचलताना पाहिलं होतं, पोलिसाच्या अंगावर धावून जाताना पाहिलं होतं. त्याने सालहीनच्या ओल्या अंगरख्याकडे बघितलं, मग आत गेलेल्या टायरांच्या ओळीकडे.

"उतरू नका गं कुणी," तो मागे वळून बायांना म्हणाला. "एकीनेही पाय खाली टाकायचा नाही."

मग त्याने सालहीनला काखेत हात घालून उठवलं, आणि आपली गाडी नाक्याकडे वळवली.