ओहळाच्या अलीकडची सिमेट्री

आमच्या गावाला स्वतःचं चर्च हवं होतं. स्वतःची सिमेट्री, म्हणजे दफनभूमी, मात्र कोणालाच नको होती. हे ऐकून बाहेरचा माणूस हसेल. हसू दे. आम्ही त्या गोष्टीवर सात-आठ वर्षं भांडलोय.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आम्ही ओहळापलीकडच्या जुन्या चर्चचे. बारसं, लग्न, मरण सगळं तिकडे. तिथल्या सिमेट्रीत आमच्या घराची जागा ठरलेली होती. आजा, आजी, थोरले काका एकाच कोपऱ्यात. पण पावसाळ्यात ओहळ भरला की वाट बुडायची आणि म्हाताऱ्यांची रविवारची मिस्सा बुडायची. माझे बाबा गेले ते ऐन श्रावणात. खांद्यावरची पेटी भिजू नये म्हणून माणसांनी ती डोक्यावर धरली होती, आणि मागून माझी आई तांबडं लुगडं खोचून कमरेएवढ्या पाण्यातून चालत होती. परतल्यावर अंगातलं ओलं न बदलता ती अंगणात जमलेल्या पुरुषांसमोर उभी राहिली.

"जित्या मानसाचे हाल चालतील, मेल्याचे नाय," ती म्हणाली. "आपलं देऊल आपल्या गावात पाहिजे."

जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणत. त्या दिवसापासून आईने तो विषय सोडला नाही. गावच्या पुढाऱ्यांचं एरवी प्रत्येक बैठकीत घोडं पेंड खायचं. पण आई दारात दिसली की त्यांचे निर्णय भराभर व्हायचे. आधी कुडाच्या भिंतींची शेड झाली, मग हळूहळू दगडी चर्च. रविवारी घरटी एक माणूस कामाला. आमच्या घरून नेहमी आई. मी तेव्हा शाळेत शिक्षिका होते, म्हटलं मी जाते, तर म्हणाली, "तू पोरांना शिकव. तुना रेतीची पाटी उचलायला येत नाय." ते खरंच होतं, पण मला राग आलाच.

बिशप आले, बाजा वाजला, आमचा स्वतंत्र धर्मग्राम जाहीर झाला. आई पहिल्या रांगेत बसली होती. शेवटी नव्या फादरांनी उठून सांगितलं की, ओहळाच्या अलीकडची सगळी घरं आता या धर्मग्रामाची. आणि चर्चमागे कुंपण घातलेली जागा ही आपली सिमेट्री. यापुढे आपली माणसं इथेच.

टाळ्या वाजल्या. आई टाळ्या वाजवता वाजवता थांबली. तिने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "मग तुजे बाबा?"

"बाबा आहेत तिथेच राहणार आये."

"आनि मी?"

या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात दिलं. म्हटलं, तू काळजी करू नकोस, तुला बाबांजवळच नेणार, हा माझा शब्द. तिने मान हलवली. पण त्या दिवशी जेवताना ताट तसंच सारून उठली.

हे दुःख एकट्या आईचं नव्हतं. गावभर हाच घोर लागला. आपला नवरा, आपली आई तिकडे आणि आपण इकडे गवतात एकटे, ही कल्पनाच कोणाला सोसेना. त्यात पहिलं कोण जाणार? नव्या जागेत पहिलं निजायचा मान कोणाला हवा असतो! मग आमच्या लोकांनी तोड काढली. माणूस जास्त आजारी झाला की त्याला ओहळापलीकडच्या मुलीकडे किंवा बहिणीकडे हलवायचं. तिकडे प्राण गेला की तिकडचे फादर तिकडेच पुरणार, सरळ हिशोब. आमच्या आळीतला एक आजोबा असा पलीकडे नेला आणि हवापालट झाल्यासारखा टुणटुणीत होऊन परत आला. पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्यांदा नेला तेव्हा मुलीच्या सासूने दारातच विचारलं, "या टायमाला नक्की ना?"

फादर मात्र हसत नव्हते. तरुण होते, तापट होते. एका रविवारी वेदीवरून म्हणाले, "देवाच्या घरात बसायला तुम्ही पुढे आणि देवाच्या मातीत निजायला मागे. हा धर्मग्राम आहे की धर्मशाळा?" लोक माना खाली घालून ऐकत होते आणि मनात मुलीकडे किती खोल्या आहेत ते आठवत होते. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी तर पंचाईतच. सगळा गाव फुलं आणि मेणबत्त्या घेऊन ओहळापलीकडे जायचा. जुनी सिमेट्री फुलांनी भरून जायची, आणि आमच्याकडे फादर एकटे गुडघाभर गवतावर पवित्र पाणी शिंपडायचे.

मी दिलेला शब्द विसरले नव्हते. फादरांच्या मागे लागले. त्यांनी नाही म्हटलं की मी भांडून यायची आणि पुढच्या आठवड्यात परत जायची. आमच्या दोघांचे आवाज चर्चच्या पायरीपर्यंत ऐकू जात. शेवटी एकदा ते थकून म्हणाले, "तुमच्या आईने या चर्चची रेती वाहिली आहे. तिच्यासाठी मी जुन्या चर्चच्या फादरांशी बोलतो. पण बाई, गावात बोभाटा करू नका." मी जिंकले. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती अंगणात गुडघ्यावर डोकं टेकून रडली. मला वाटलं, एवढं एक काम तरी मी आयुष्यात नीट केलं.

त्याच सुमाराला आमच्या आळीत मंगळूरकडचं एक जोडपं भाड्याने राहायला आलं. नवरा वसई स्टेशनजवळच्या कारखान्यात, बायको घरी, कडेवर काही महिन्यांची मुलगी. आमची भाषा त्यांना कळायची नाही, त्यांची आम्हाला. रोझरीची प्रार्थना म्हणताना मात्र आवाज बरोबर जुळायचे. पावसाळ्यात त्या पोरीला ताप भरला आणि दोन दिवसांत ती गेली.

त्यांना ओहळापलीकडे कोण होतं? कोणीच नाही. त्या लेकराला फादरांनी आमच्या नव्या सिमेट्रीत नेलं. गाव हळहळला, पण 'भाडेकरूंचं पोर' म्हणून, आणि खरं सांगायचं तर थोडा सुटलाही, कारण पहिला नंबर लागून गेला होता. मूठभर माणसं होतो आम्ही. माती लोटून झाल्यावर त्या आईने चारी बाजूंना पाहिलं. नुसतं गवत. तिने माझ्या आईला विचारलं, "इधर दुसरा कोई नहीं है क्या?"



दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई मोगऱ्याची ओंजळ घेऊन निघाली. "जाऊन येते जरा," एवढंच. मग रोजच जायला लागली. तिने तिथलं गवत काढलं, चहूबाजूंनी विटा लावल्या. वर्षभराने त्या नवऱ्याला गावाकडे नोकरी मिळाली आणि ते दोघं निघाले. टांगा उभा होता, तरी ती बाई आईच्या हाताला धरून उभीच. आईने तिला एवढंच म्हटलं, "जा गो. मी हाय ना." तिला ते कळलं असावं, कारण मग ती बसली.

आई आजारी पडली ती त्यानंतर तीन-चार वर्षांनी. डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं तेव्हा दादाने, म्हणजे माझ्या भावाने, रिवाजाप्रमाणे गाडी आणली. पलीकडच्या मावशीने खोली झाडून ठेवली. परवानगी होती म्हणा, पण कोणाला विषाची परीक्षा नको होती. मी आईचे कपडे भरले, बाबांचा फोटो वर ठेवला आणि तिला उठवायला गेले.

"मना नाय जायाचं," ती म्हणाली.

मला वाटलं, हलताना दुखत असेल. समजावलं. ती मान हलवत राहिली. मग मात्र मी भडकले. एवढी वर्षं मी कोणासाठी भांडले, फादरांच्या किती पाया पडले, आणि ऐन वेळेला हे काय? आजारी माणसावर ओरडू नये हे मला कळत होतं, तरी ओरडले.

तिने मला ओरडू दिलं. मग म्हणाली, "तुज्या बापाजवल त्याची आय हाय, बाप हाय, भाव हाय. बोलायला मानसं हायत. त्या पोरीजवल कोन हाय?"

मला त्या पोरीचा हेवा वाटला, अगदी खराखुरा. दादा बाहेर गेला आणि गाडी परत पाठवून आला.

आईला आम्ही नव्या सिमेट्रीत ठेवलं, त्या विटांना लागून. त्या दिवशी सगळा गाव आत आला होता. बरेच जण पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच ओहळ ओलांडून बाबांकडे गेले. मेणबत्ती लावली. इतकी वर्षं त्यांच्या शेजारची जागा मीच राखून ठेवली होती, त्यामुळे सांगायची जबाबदारीही माझीच. म्हटलं, "बाबा, आय येत नाही. तिला तिकडे पोर सांभाळायचं आहे."