नानासोंची पाइपलाइन, लालासाहेबांची वाट

लालासाहेब माझे शेतशेजारी. सुभेदार म्हणून निवृत्त झाले. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात घरटी एक फौजी आहे, पण अणुबॉम्बचा सराव केलेले हे एकटेच. २००२ साली दोन्ही देशांच्या फौजा सीमेवर समोरासमोर उभ्या होत्या. राजस्थानच्या उन्हात रबरी मुखवटा आणि जाड पोशाख चढवून हे रोज वाळूत लोळत. लखलखाट दिसला की पालथे पडायचे, डोळे मिटायचे, दणका ओसरेपर्यंत हलायचे नाही.

“आन मग?” मी एकदा विचारले.

“मग उठायचं. शिकवणारा उस्ताद म्हणायचा, उठायला कोण उरलं तर.”

गेल्या मे महिन्यात सीमेवर पुन्हा पेटले. त्यांचा मुलगा वीरधवल जम्मूकडे होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. चहाच्या टपरीवर गावातला तरणा ऋषिराज लालासाहेबांना म्हणाला, “आबा, एकदाचा टाकावा की बॉम्ब! कटकट मिटंल.”

“तुझी बी मिटंल की रं. मिरजेत एवढे दवाखाने. जळालेल्या माणसाला खाटा किती, इचारून ये. मग एकट्या साताऱ्यातली माणसं धर.”

“मग ठेवलाय कशाला?”

“न टाकायसाठी. टाकला तर आपलं बी उरत न्हाई, हे दोघांस्नी म्हाईत हाय. त्या भ्यावर दोघं गप. पर एकाची चूक दुसऱ्याला डाव वाटली, की संपलं.”

हे गणित त्यांच्या शिवारातही होते. चुलतभाऊ नानासोंशी त्यांचा बांधावरून जुना अबोला. नानासोंच्या उसाची पाइपलाइन लालासाहेबांच्या रानाखालून जाते. लालासाहेबांची गाडीवाट नानासोंच्या रानातून. एकाने पाणी तोडले तर दुसरा वाट उखडणार. म्हणून कोणी कशाला हात लावत नव्हते. मयताला गेले तरी दोघे तिसऱ्यामार्फत बोलत. जो आधी तोंड उघडेल तो हरला, असे भावकीने ठरवूनच टाकले होते.

त्या रविवारी लालासाहेबांच्या रानात आले काढणे चालू होते. मोकळ्या झालेल्या तुकड्यात त्यांचा ट्रॅक्टरवाला अर्जुना नांगरत होता. फाळ खोल गेला आणि पाइप फुटली. पाण्याचा फवारा उडाला. तिकडे नानासोंच्या उसाचे पाणी बंद. त्यांच्या रानात सपाटीकरणाला जेसीबी आलेला होता. नानासोंनी हात केला, तसा तो वळला आणि सरळ वाटेवर आला. आल्याची पोती भरलेला टेम्पो अजून वाटेच्या अलीकडेच उभा होता; वाट गेली की तो अडकलाच.

“भाऊसाहेब, जाऊन सांगा त्याला, चुकून झालं,” लालासाहेब मला म्हणाले.

“आवं, माझं खरं मानंल का तो? तुमीच जावा.”

ते जागचे हलेनात. जेसीबीचे दात मुरमात घुसले, हातभर वाट उलटी झाली. तेव्हा धोतर सावरत ते धावले आणि यंत्रापुढे उभे राहिले.

“नानासो! फाळ चुकून लागला रं!”

नानासोंनी माझ्याकडे पाहिले. “विचारा त्यांना, माझ्याच पाइपला बरा लागला?”

“मला इचार की! हितंच उभा हाय मी.”

जेसीबीचा चालक कोणाचे ऐकावे या विचारात बकेट वर धरून बसला. नानासो बांध ओलांडून गेले. नांगराचे तास, फाळाने पाडलेल्या चऱ्या, रानाच्या या टोकापासून फुटलेल्या पाइपच्याही पुढे सरळ गेलेले होते. मुद्दाम फोडायला आलेला माणूस एवढे नांगरत बसत नाही. नानासो त्या तासातून पार शेवटपर्यंत चालून आले. मग त्यांनी हात वर करून चालकाला थांबवले.

जोड बसवायला दोघेही चिखलात बसले. एकाने पाइप धरली, दुसऱ्याने चिकटवायचे सोल्युशन लावले. मी उलटलेला मुरूम फावड्याने सारत होतो.

जोड पक्का व्हावा म्हणून नानासोंनी तो दोन्ही हातांनी आवळून धरला होता. खालीच बघत त्यांनी विचारले,

“वीरूचा फोन आला का?”

“न्हाई अजून.”

जोड पक्का झाला होता, तरी नानासोंनी हात काढले नाहीत.