अश्विनीच्या दोन नोकऱ्या आणि काकांचं फुकट तिकीट

मंडळी, आज दुपारी शेजारी चहाला गेले आणि डोकं तापवून घरी आले.

शेजारची अश्विनी पायलट झालीय. दोन विमान कंपन्यांनी तिला बोलावलंय आणि आज संध्याकाळपर्यंत एकीला होकार कळवायचा होता. सल्ला द्यायला विट्याहून तिचे काका आले होते.

"मोठ्या नावाची कंपनी घे. पगार लय हाय. आन् घरच्यांना तिकीट फुकट मिळतंय का?"

हा प्रश्न त्यांनी तीनदा विचारला. विमानात कधी बसलेले नाहीत, पण खिडकीची जागा आत्ताच हवी!

अश्विनी म्हणाली, "काका, तिथं थकल्यामुळं उड्डाण नाकारलं की ऑफिसात बोलावून जाब विचारतात. माझ्या मैत्रिणीला विचारला. छोट्या कंपनीत पगार कमी आहे, पण त्या दिवशी दुसरा पायलट पाठवतात."

"तरण्या पोरीला कसला गं थकवा?" काका हसले.

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलेला माझा संयम तिथे संपला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिचे वडील बोलले. ते फौजेत ट्रक चालवायचे.

"झोप आलीय म्हटलं की आमचा साहेब किल्ली काढून घ्यायचा. म्हणून मी जित्ता घरी आलो. तू छोट्या कंपनीत जा."

अश्विनीने तिथेच होकार पाठवला. काका अर्धा चहा ठेवून उठले.

नोकरी बघताना आपण पगार, नाव, सवलती सगळं विचारतो. "आज मला जमणार नाही" असं तिथे म्हणता येईल का, हे तुमच्यापैकी किती जणांनी विचारलंय? मी छत्तीस वर्षं नोकरी केली, एकदाही विचारलं नाही.