पहिला पीस तपासून घेणारे काका

संगणकाला ‘अहो’ म्हणणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच होता आणि विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तो माझ्या शेजारी बसत असे. साठीला टेकलेले हे काका सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर होते. तिथे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आली, तेव्हा एका तरुण साहेबांनी ‘हे तुमच्या डोक्यात शिरायचं नाही’ असं सांगून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. काका तिथे नट-बोल्ट मोजत राहिले. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी जावास्क्रिप्टमध्ये वेब ॲप्लिकेशन बनवायला शिकवणाऱ्या पदविकेला नाव घातलं आणि पहिल्या दिवशी बुटांना पॉलिश करून, खिशाला स्टीलची फूटपट्टी अडकवून हजर झाले.

सरांनी तीन तासांत जे समजावलं नव्हतं, ते काकांनी चहाच्या टपरीवर सांगितलं. ‘‘समोर दिसतं ते शोरूम, सर्व्हर म्हणजे वर्कशॉप, डेटाबेस म्हणजे गोडाऊन. शोरूमवाल्याने थेट गोडाऊनमध्ये घुसायचं नाही. झालं!’’ कोड ते आधी वहीत पेन्सिलीने लिहीत, मग एका बोटाने टाइप करत. ‘‘अहो, चला आता,’’ असं स्क्रीनला म्हणत आणि माझ्याकडे वळत. ‘‘ताई, पहिला पीस तपासा.’’ कारखान्यात शिफ्टचा पहिला पीस दुसऱ्याने तपासल्याखेरीज पुढचा माल काढत नाहीत. काका कोडच्या प्रत्येक फंक्शनला हा नियम लावत. एकदा मी न बघताच ‘बरोबर आहे’ म्हटलं, तर त्यांनी मुद्दाम घातलेली चूक दाखवली आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

अर्ध्या वर्गाने प्रोजेक्ट तयार विकत आणला होता. ‘‘काका, तुम्ही पण घ्या ना. बटण दाबलं की चालतो,’’ मुलं म्हणत.

‘‘आणि बंद पडला की?’’

‘‘तोवर आपण पास!’’

काका खो खो हसले आणि वहीत वाकले. त्यांच्या कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या वाचनालयासाठी ते ॲप्लिकेशन बनवत होते. पुस्तक दिल्याची नोंद होई, परत आल्याची मात्र काही केल्या होईना. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी पाहते, तर त्यांनी ॲप्लिकेशनच्या पहिल्याच पानावर लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘पुस्तक परत घेण्याचे काम बंद आहे. दोष शोधणे चालू.’

‘‘काका, ते परत घ्यायचं बटण लपवा हो. बाहेरचे परीक्षक इतकं बघत नाहीत. वर्ष जाईल तुमचं.’’

‘‘बिघडलेल्या मशीनवर पाटी नाही लावली की कुणाचं तरी बोट जातं, ताई. पाटी राहणार.’’

परीक्षकांनी एक छोटा प्रोग्राम लिहायला दिला. पहिलं फंक्शन होताच काकांनी सवयीने हात वर केला. ‘‘साहेब, पहिला पीस तपासता का?’’

‘‘परीक्षेत मदत मागता?’’

‘‘मदत नाही साहेब, तपासणी.’’

वर्ग हसला. परीक्षकांनी लाल पाटी वाचली. ‘‘हे तर अपूर्ण आहे.’’

‘‘आहे. पण ओळ न् ओळ माझी आहे. कुठलीही विचारा.’’

त्यांनी एकही विचारली नाही. काका नापास झाले. विकतचे प्रोजेक्ट पास झाले आणि मीही पास झाले. माझ्या कामातलं एक बटण चालत नव्हतं; ते मी लपवलं होतं. हे मी काकांना कधी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी ते नव्या मुलांबरोबर पहिल्या बाकावर बसले. एका दुपारी त्यांचा फोन आला. ‘‘ताई, सापडला! गोडाऊनचं उत्तर यायच्या आधीच आमचा सर्व्हर ‘जमा झालं’ म्हणून मोकळा होत होता. थांबायला शिकवलं त्याला.’’ ते पास झाले. प्रमाणपत्र हातात येण्याआधी, साध्या तापाचं निमित्त होऊन, गेले.

प्रमाणपत्र आणायला मी काकूंबरोबर गेले. खिडकीतला क्लार्क म्हणाला, ‘‘उमेदवाराने स्वतः यायचं असतं.’’

काकूंनी मृत्यूचा दाखला पुढे सरकवला. ‘‘ते येणार नाहीत. पण पास तेच झालेत.’’

क्लार्कने सही घेतली. रिक्षात काकूंनी मला कागद वाचायला लावला. नाव, विषय, श्रेणी. ‘‘परत वाच. सावकाश.’’ मी परत वाचलं. मग त्या पुढे झुकून रिक्षावाल्याला म्हणाल्या, ‘‘दादा, जरा सातपूरला यांच्या कारखान्यावरून घ्या.’’ फाटकाशी आलो तेव्हा शिफ्ट सुटत होती. काकूंनी रिक्षा थांबवली नाही. फक्त मांडीवरचा कागद उचलून फाटकाच्या दिशेने उंच धरला आणि गर्दी मागे पडेपर्यंत तसाच धरून ठेवला.