जावयानं सुधारलेली चूल

वाळूजच्या एका कंपनीत मी अठरा वर्षं भट्टी सांभाळतो आणि मला चूल सांभाळता येत नाही, ही गोष्ट आता माझ्या सासुरवाडीत, देवगाव रंगारीत, सगळ्यांना ठाऊक आहे.

झालं असं, की धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांनी जेवायला बोलावलं. या महिन्यात जावयाचा मान मोठा. त्यानं पाटावर बसायचं, पुरणाचे धोंडे खायचे, वाण घ्यायचं आणि गपगुमान घरी जायचं. (यातलं गपगुमान मला जमत नाही.)

शिवाय सासऱ्यांना माझी नोकरी कधी पटलीच नाही. सगळा जन्म शेतात राबलेला माणूस. दर भेटीत विचारतात, "भट्टी सांभाळता म्हंजे नेमकं करता काय तुम्ही?" मी हवा, जाळ, तापमान सगळं समजावतो. ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "व्हय, पर करता काय?" यावेळी त्यांना दाखवूनच द्यायचं, असं मी बजाजनगरच्या घरून निघतानाच ठरवलं होतं.

सासूबाई अंगणातल्या चुलीवर मोठ्या पातेल्यात धोंडे उकडत होत्या. चूल राखेनं अर्धी भरलेली, जाळ मंद, धूर मात्र भरपूर.

"आई, राखेनं हवा कोंडलीय. काढून टाकतो."

"असू द्या की. तुम्ही बसा पाटावर."

"अहो, बसा ना," बायको म्हणाली. (या तीन शब्दांवर तिनं मला चौदा वर्षं वाचवायचा प्रयत्न केला आहे.)

मी ऐकतोय कसला! बाह्या सारल्या, चूल तळापर्यंत खरवडली, सगळी राख घमेल्यात काढली. वर एक वीट सरकवून हवेला वाट करून दिली. आणि काय सांगू, जाळ पार पातेल्याच्या काठापर्यंत चढला. धूर गायब. सासरे नुकतेच अंघोळ करून, पांढरंशुभ्र धोतर नेसून बघायला आले.

"हे करतो मी कंपनीत," मी म्हणालो. त्यांनी चक्क मान डोलावली.

तो मान दहा मिनिटं टिकला. दुपारपर्यंत पुरवायची म्हणून ठेवलेली बाभळीची लाकडं तेवढ्यात भस्म झाली. पातेल्यातलं पाणी आटलं, खालचे धोंडे करपले, वरचे कच्चेच राहिले.

"राख असली म्हंजे विस्तव धरून ऱ्हातो, आच बेतानं लागती," सासूबाई म्हणाल्या. जावई म्हणून हळूच म्हणाल्या.

आता उरल्या होत्या कपाशीच्या ओलसर पऱ्हाट्या. त्या पेटेनात. अशा वेळी शहाणा माणूस माफी मागतो. मी टेबल फॅन मागितला.

पंखा चुलीच्या तोंडासमोर ठेवला, सगळ्यांना चुलीच्या पलीकडं उभं केलं आणि तीन नंबरवर सोडला. चूक एवढीच झाली, की पंखा आणि चूल यांच्या मधोमध राखेचं घमेलं तसंच राहिलं होतं.

धुरळा बसला तेव्हा परातीतली कणीक करडी, पुरण करडं, बायको करडी आणि सासऱ्यांचे फक्त डोळे मूळ रंगाचे. मला इतकी लाज वाटली, की कुणी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सासूबाईंनी मात्र अंगणभरची राख झाडून परत चुलीत भरली, शेजारून लाकडं आणि विस्तव आणला आणि नव्यानं पुरण शिजायला घातलं. सासरे पुन्हा अंघोळीला गेले.

चार वाजता पानं वाढली. पहिला धोंडा संपवून सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, कंपनीत तुमच्या हाताखाली माणसं किती?"

"बारा."

त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी एकदम उतरली. "मंग ठीक हाय. भट्टी ती सांभाळीत असतील."

मी खाली मान घालून आणखी एक धोंडा वाढून घेतला. अठरा वर्षांत माझं काम इतकं बरोबर कुणालाच कळलं नव्हतं.